कान दिसला पाहिजे

मडगावात दुपारी एक ते चार
बाजार पडी टाकतो.
पुरसो शेटने शटर अर्ध्यावर ओढलं
आणि गुलाबी कागदाची पुडी सोडली :
"बाब, फोटोत आमचं सोनं पितळ दिसतं."

दिसणारच.
सोनं समोर येईल ते गिळून बसतं.
पहिल्या फ्रेममध्ये कापाच्या फुगीर पोटावर
मीच होतो, वाकलेला, तीन पायांचा,
माझा निळा शर्ट, वरची ट्यूब,
बँकेच्या कॅलेंडरची एक कड.

शर्ट काढला. बनियन पांढरं, चालेल.
ट्यूब बंद. पंखाही बंद,
कारण वाऱ्याने बटर पेपर हलतो
आणि अर्ध्या सेकंदाचं शटर
कुणाचीच थरथर विसरत नाही.
पेपराचा तंबू, दिवे तंबूबाहेर,
आयएसओ शंभर, अ‍ॅपर्चर सोळा,
घाम नाकावरून बटणावर.
तरी काप सायीसारखा, कडा नसलेला.
मग हिशेबाच्या वहीचा काळा पुठ्ठा कापून
दोन बोटं रुंद पट्टी डावीकडे उभी केली
आणि काप एकदम गोल झाला.

इतके दिवे लावून
शेवटी काळ्यानेच.

शेट खूश. आता कानात घातलेला एक पाहिजे.
वास्कोची पोरगी ठरली होती, आली नाही.
मागे मोरीपाशी क्लेमेंतिना होती,
एकोणीस वर्षं रिठ्याच्या पाण्यात
लोकांचं सोनं ब्रशने घासणारी.
"गो, बस मगे इल्ली."
तिने हात पुसले, काप घातले,
आरसा समोर होता, बघितला नाही.

तंबूतला उजेड तिच्यावर टाकला :
चेहऱ्याचं पीठ झालं.
दिवे मालवून मागचं दार उघडलं.
बोळातल्या चुन्याच्या भिंतीवर आपटून
ऊन मऊ होऊन आत येत होतं.
पंच्याऐंशीची लेन्स, अ‍ॅपर्चर दोन,
फोकस जवळच्या डोळ्यावर.
भुवईतला जुना टाका आला,
ओठाच्या कोपऱ्यात अडलेलं एखादं वाक्य आलं,
आणि कानापाशी नुसता केशरी धूर.

शेट स्क्रीनवर वाकला.
"काप खंय? मी तोंडं विकत नाही रे."

अकरावर नेलं.
कापाचा दाणा न् दाणा मोजता येईल असा,
आणि ती शोकेसमधल्या
मखमली मानेसारखी दिसायला लागली.
शेटने तोच घेतला.
धंद्याच्या जागी बरोबरच होतं त्याचं.

काप काट्यावर गेले, वजन जुळलं.
मग ती हळूच म्हणाली,
"बाब, एक पासपोर्टाचो काडशी?
धूव स्विंडनाक आसा. कागद जाले."

पांढरी भिंत. दोन्ही दिवे सारख्याच अंतरावर,
म्हणजे कुठल्याच गालाला सावली नको.
अ‍ॅपर्चर आठ. हसू नको. दागिना नको.
"कान दिसला पाहिजे," मी म्हटलं.
तिने केस मागे सारले.
पाळीतलं भोक खाली ओघळलेलं, लांबट,
वर्षानुवर्षं काहीतरी जड पेललेलं.
आणि मी समजत होतो
आज पहिल्यांदाच घातले तिने.

विचारलं नाही.
काळी पट्टी लावायचा मोह झाला,
नियमात बसत नाही.

झोळीतल्या प्रिंटरने आठ प्रती ओकल्या.
एवढ्यात चार वाजले, शेटने शटर वर ढकललं,
रस्ता सगळा पांढराफेक आत आला.
त्या उन्हात तिला फोटोवर काहीच दिसेना.
सुरकुतल्या ओल्या बोटांची सावली
तिने डावीकडून धरली

आणि पहिल्यांदा कान पाहिला.