इकाम्यावरचा सुतार

मी प्रेशर गेज तपासतो.
सुई शून्यावर नीट परतते का, एवढंच बघायचं.
त्यासाठी सांगलीच्या पॉलिटेक्निकमधली तीन वर्षं
आणि दहेजच्या प्लांटातली नऊ.
इकाम्यावर मात्र मी नज्जार आहे. सुतार.

कंपनीकडे तंत्रज्ञांचा कोटा संपला होता,
सुतारांचे सात व्हिसे शिल्लक होते.
एजंट म्हणाला, कागदच तो, कागदाला कोण विचारतंय!

कागदालाच विचारतात.
बँकेत, दवाखान्यात, सिमकार्ड घेताना.
कुटुंब आणायचा अर्ज मी दोनदा भरला.
खिडकीतला माणूस दोन्ही वेळा सौजन्याने म्हणाला,
या व्यवसायाला लागू नाही.
मला ऐकू आलं,
सुताराला बायको नसते.

जुबैलला रात्री रिफायनरीच्या ज्वाळेचा उजेड खोलीत येतो,
दिवा न लावता डबा उघडता येतो.
पलीकडच्या खाटेवर इलियास, सियालकोटचा,
चार पिढ्यांचा अस्सल सुतार.
त्याच्या इकाम्यावर लिहिलंय: संगणक चालक.
माउस तो रंध्यासारखा ढकलतो.

तपासणी येणार अशी कुणकुण लागली
तेव्हा आम्ही एकमेकांची शिकवणी घेतली.
मी त्याला ईमेल उघडायला शिकवलं.
त्याने मला,
लाकडाचा तंतू कुठल्या कुशीवर निजलाय
ते अंगठ्याने ओळखायला.
बंदरावरच्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या,
एक करवत, एक पटाशी. खिळे नाहीत.
खिळा ठोकतो तो सुतार नव्हे, म्हणाला, उतावळा.
सव्वा महिन्यात एक स्टूल झालं.
तीन पाय टेकतात. चौथा
अर्धा मिलिमीटर हवेत.
मी मोजलं. तेवढं माझं खरं काम.

तपासणी आलीच नाही.
तनाजुलचा अर्ज कफीलच्या टेबलावर आहे,
वर कुणाच्या तरी लग्नाची मिठाई.
मी रोज विचारत नाही. मंगळवारी विचारतो.

काल व्हिडिओवर दीपश्री म्हणाली,
कानावर काय आहे तुमच्या?
हात गेला. पेन्सिल.
सकाळपासून तिथेच असणार, हेल्मेटखालीसुद्धा.
खिशात घालू लागलो तर म्हणाली, राहू द्या.
मग स्टूल दाखवलं, बसून दाखवलं.
डुगडुगतंय की, ती म्हणाली,
आणि थोडं थांबून,
मोरीवरची फळी सहा वर्षं लोंबतेय,
ती कधी लावताय?

एक्झिट-रीएंट्री मिळाली की, मी म्हणालो.