निरंक

तालुक्याहून आलेल्या तक्त्यात रकाने आठ.
सातवा : गावाचा इतिहास.
रुंदी दोन बोटं.
माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं तिथं लिहिलं होतं, निरंक.
त्याच्या आधीच्यानं, वरीलप्रमाणे.

बोरहिप्परगे. उंबरे एकशे बारा.
एसटी येते, चिंचेला वळसा घालते,
तिकिटावर मात्र शेजारच्या गावाचं नाव.

इराप्पा बिराजदार म्हणाले, लिवा की बाई,
आमची चूल अक्कलकोट संस्थानात
आन् परसातली बाभळ निजामाच्या मुलखात.
शेळी रोज परमुलखात जाऊन पाला खायची,
दूध संध्याकाळी आपल्या राज्यात.

जकात नाक्याच्या खोलीत आता अंगणवाडी.
पावती फाडायच्या खिडकीतून खिचडी मिळते.
आतल्या भिंतीवर कुण्या शिपायानं
कोळशानं ओढलेल्या रेघा, पाच-पाचच्या जुडग्यांनी.
पोती मोजली त्यानं,
का रजेला उरलेले दिवस?
दर वर्षी चुना देताना मदतनीस कस्तुरबाई
तेवढा चौकोन सोडते.
म्हणते, हिशेब अर्धा हाय त्याचा.

शाळेच्या जुन्या रजिस्टरात
सतरा पोरांपुढे शेरा एकच :
सोलापूर, गिरण.
अक्षर तेच, शाई तीच,
जणू एकाच सकाळी उठून गेली सगळी.
गिरणीचा भोंगा थांबला ते साल इथं नाही.
परत आलेल्यांसाठी रकाना नाही.

नीलव्वा भांडते मराठीत, मोजते कन्नडात.
ओंदु, येरडु, मूरु...
सून सांगते, झोपेत अजून
बहात्तरच्या खडीचे ढीग मोजते.
ती खडी ज्या रस्त्याला पडली
तो रस्ता
गावाला तीन मैलांवरूनच टाळून गेला.

आणि ओढ्यातला वीरगळ, पालथा.
चांदबी मुलाणी त्याच्यावर वाकळा धुते.
खाली मानूस हाय, घोड्यावरचा, ती सांगते,
त्वांड खाली हाय त्ये बरंय,
साबण डोळ्यांत जात न्हाई.
येळअमावस्येला रानातून परतताना
उरलेलं आंबील कुणीतरी त्याच्या पाठीवर ओततं.
मी नाव विचारलं.
नाव नाही.
नाव लावलं की वारस येत्यात बाई, इराप्पा म्हणाले,
आन् मग मोजणी.

मुदत शनिवारची होती.
शुक्रवारी रात्री लाईट गेली,
मोबाईलच्या उजेडात खोडरबरानं निरंक पुसलं.
कागद तिथं जरा विरला.
बारीक अक्षरात शेळीचं लिहिलं, तेवढंच मावलं.

सोमवारी पंचायत समितीतून फोन :
मॅडम, सातव्यात हे काय?
पुरावा काय याला?

म्हटलं, येऊन बघा.
बाभळ आहे अजून.
खालच्या फांद्यांना
शेळीच्या तोंडाच्या उंचीपर्यंत
पाला नाही.