सौजन्य

मंगळवारी रात्री साडेनऊला
कुडचड्यात, मिलाग्रीसच्या गॅरेजात
स्टुलावर टीव्ही, टीव्हीवर ते चौघे
दाढीवाले, अमेरिकेचे.
सोमवारी गंजका सांगाडा ओढत आणतात
आणि शुक्रवारी त्यातून काढतात
नारिंगी ज्वाळांची, बॉनेट नसलेली,
उभ्या जागी गुरगुरणारी गाडी.

आम्ही पाच जण. सहावी ओपेल,
एकोणसाठची, पोर्तुगीज अमदानीत
मुरगावला बोटीतून उतरलेली.
आता चार थप्प्या विटांवर
ताडपत्री पांघरून आमच्या मागे बसते
आणि, मिलाग्रीस म्हणतो, सगळं ऐकते.

"इंजीन त्यांना फुकट मिळतं," उल्हास म्हणतो.
"टायर फुकट, रंग फुकट, पानेसुद्धा फुकट.
मग आठवड्यात गाडी माझी आई पण करील."
"फुकट कसलं?" शाबू गावडे
खाणीवर टिप्पर चालवायचा, अजून तसाच बोलतो,
इंजिनाच्या आवाजावरून.
"कॅमेरा बघ कुठे थांबतो.
त्या लाल टुलबॉक्सवर सात सेकंद. मी मोजले."
"थांबू दे की. गाडी झाली ना?"
"झाली.
पण कोणाची झाली?"

मी मध्ये बोलत नाही.
मी पाट्या रंगवायचो.
टिप्परांच्या पाठी, होड्यांची नावं,
बारांच्या दारावरचे माडाचे झाड.
मग फ्लेक्स आला, मग खाणी थांबल्या,
ब्रश कपाटात गेले, केस वाळून कडक.

दिवाळीनंतर पणजीहून एक जण आला होता,
पांढरे बूट, कॅसिनोचा माणूस.
ओपेलभोवती फिरला, बूट सांभाळत.
"सगळा खर्च आमचा.
दारांवर आमचं नाव, बॉनेटवर इस्पिकचा एक्का,
आणि ही उभी राहील आमच्या जेटीपाशी."
"धावणार नाही?" मिलाग्रीसने विचारलं.
"धावून कुठे जायचंय तिला?"
मिलाग्रीसने फडक्याला हात पुसले.
बराच वेळ पुसत राहिला,
तो गेल्यावरही.

त्यावर दोन मंगळवार भांडण.
आणि गंमत बघा, सेकंद मोजणारा शाबूच ओरडला,
"घ्यायचे होते पैसे!
आठ वर्षं झाली, पात्रांव!
सायलेन्सरात पालीच्या तीन पिढ्या मोठ्या झाल्या!"
मिलाग्रीस म्हणाला, "चौथीला जागा आहे."

रोक बार्रेटो यात कधी पडत नाही.
त्याची सोड्याची फॅक्टरी, म्हणजे एक खोली, एक यंत्र.
दर मंगळवारी एक क्रेट आणतो,
गोटीच्या बाटल्या, पैसे घेत नाही.
एकदा ग्रीसचा डबा आणला.
एकदा तीनशे रुपये दिले, बेअरिंगला कमी पडत होते तेव्हा,
आणि लगेच विषय बदलून
माशांच्या भावावर गेला.

परवा जाहिराती लागल्या,
पडद्यावर नावांची रांग सरकायला लागली,
तेव्हा रोक हसत म्हणाला,
"आणि माझं नाव कुठे?"
सगळे हसले.
मिलाग्रीस हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

ब्रश दोन दिवस रॉकेलात भिजत घातले.
ओपेलच्या डिकीचं झाकण आतून घासलं,
प्रायमर मारला, वाळू दिला,
मग पिवळ्यात, काळी सावली देऊन:
सौजन्य
रोक बार्रेटो, लिंबूसोडा, कुडचडे.
'न्य'पाशी हात थोडा हलला,
शेपूट लांबलं. राहू दिलं.
कोणी वाचणार नाही अशी पाटी
जन्मात पहिल्यांदा रंगवत होतो,
आणि घाईही नव्हती कसली.

काल रोकने डिकी उचलली,
चष्मा कपाळावर सारून
ओठ हलवत वाचलं, दोनदा.
टीव्हीवर कुणाचं तरी इंजीन सुरू झालं होतं.
बोटाने 'सोडा'चा काना वाळलाय का बघितला.
"फोन नंबर राहिला," म्हणाला.

जागा सोडली होती मी, उजवीकडे,
दहा आकडे आरामात मावतील एवढी.
"आधी चाकं," मी म्हटलं.