माग बंद आहेत

साखर पेठेतल्या आमच्या गल्लीला
आज शांततेनं जाग आली.
वर्षभर ज्या खडखडाटाची उशी करून झोपतो
ती कुणी अलगद काढून घ्यावी
आणि मान टेकायला जागा उरू नये, तसं.
टॉवेलाचे माग बंद, चादरीचे बंद.
भिंतीपलीकडचा नरसव्वाचा खोकला
मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.
केवढा जुना आहे तो.

अम्मा सवयीनं सूप मांडीवर घेऊन बसली.
पान, तंबाखू, दोरा.
मग आठवलं तिला : विडीचा कारखानाही बंद.
हातांना सुट्टी कशी द्यायची
हे तिला कुणी दाखवलंच नाही.
मी तीळ निवडायला दिले,
तर बोटं हजाराच्या हिशोबानं चालू लागली.

थंडी म्हणावी तर आमच्याकडे बेताचीच.
एक स्वेटर, तोही अकरा वाजता कमरेला बांधलेला.
हिवाळा अंगाला नाही, जिभेला कळतो आम्हाला.
येळ अमावास्येला मंद्रूपला, इराप्पाच्या रानात,
कडब्याच्या खोपीत बसून
मडक्यातली आंबील प्यालो, तेव्हा आला तो.
ज्वारी निसवली होती, पाखरं फिरकत होती,
आणि इराप्पाची म्हातारी कन्नडमध्ये,
अम्मा तेलुगूमध्ये,
एकमेकींना आग्रह करत होत्या.
भज्जी कुणाला जास्त वाढली गेली
हे भाषेवर ठरलं नाही.

दुपारी नंदीध्वज निघाले.
पांढऱ्या बाराबंद्यांचा लोट,
आणि त्यावर सात उंच काठ्या,
आभाळ ओवायला निघालेल्या.
आमचा अंबादास मानकऱ्यांच्या मागे धावणारा, नुसता.
खांदा द्यायला मिळत नाही त्याला,
तरी घरी येऊन खांदाच चोळतो.
संमती कट्ट्यापाशी अक्षता पडल्या.
कुंभाराच्या लेकीचं लग्न, देवाच्या योगदंडाशी.
अम्मा दरवर्षी मूठ उधळते
आणि दरवर्षी पुटपुटते,
पोरीला कुणी विचारलं होतं का बे?
मग हात जोडते.

रात्री होम मैदानावर गड्डा.
पन्नास वर्षं ही बाई गड्ड्यात येते,
बांगड्या बघते, घेत नाही,
भज्यांच्या कढईपाशी उभी राहून घर गाठते.
पाळण्यासमोर मात्र मान वर करून थांबते.
एवढंच. थांबते.
यंदा मी दोन तिकिटं काढली
आणि भांडण होऊ नये म्हणून काही बोलले नाही.

दांडा खाली आला, पाय जमिनीवरून सुटले.
तिनं माझं मनगट धरलं,
दोरा ताणून तोडायच्या आधी धरतात तसं.
पहिल्या फेरीत डोळे मिटलेले.
दुसऱ्या फेरीत देवळाचा कळस, तळ्यात सांडलेले दिवे.
तिसऱ्या फेरीत पाळणा नेमका वर अडकला.

खाली कर्णे, पिपाण्या, मौत का कुआँतली मोटार,
हरवलेल्या पोराचं नाव पुकारणारा भोंगा,
आणि इथं वारा.
जुन्या गिरणीच्या चिमणीपासून ती बोट सरकवत गेली,
दिव्यांच्या गर्दीत एक काळा पट्टा सापडेपर्यंत.
‘ती आपली गल्ली.’
कशावरून?
‘तिथं काहीच हलत नाही.’
कितीतरी वेळ बघत राहिली.
‘एवढीशी आहे होय,’ म्हणाली,
रागानं की मायेनं, कळलं नाही.
मग पायातली चप्पल नीट सरकवून
हळूच, कुणाला दिसू नये असे,
तिनं पाय हलवले.

उतरल्यावर बांगड्या घेतल्या. हिरव्या, बारा.
घासाघीस केलीच.

परवा पहाटे सहाला
कोपऱ्यावरचा पहिला माग सुरू झाला,
मग दुसरा, मग भिंतीला भिंत लावून सगळे.
नरसव्वाचा खोकला त्यात बुडाला.
अम्मानं कूस बदलली,
चादर नाकापर्यंत ओढली,
आणि हजार विड्या वाट बघत असताना
आणखी अर्धा तास झोपली.