गाठ मारलेलं पान

आमच्या भाषेत 'ऐका' म्हणजे आभार.
म्हणून धाकट्याचं नाव ऐकाएली, देवाचे आभार.
आई अंगणातून नुसतं 'ऐका' म्हणायची
आणि केळीतून तो करडासारखा उड्या मारत यायचा.

एकोणिसाव्या वर्षी त्याचे पाय सुजले.
मोशीच्या डॉक्टरीणबाई मूत्रपिंडांविषयी बोलल्या
हळू, जणू शेजारच्या खोलीत कुणी निजलंय.
आठवड्यातून तीनदा यंत्र.
एका खेपेचा आकडा बाबांनी तळहातावर लिहून आणला,
दोन दिवस तो हात धुतला नाही.

आधी गाय गेली.
मग नव्या छपरासाठी घेतलेले पत्रे,
चोवीस, एकालाही खिळा न लागलेला.
मग वरच्या अंगाची कॉफी, आजोबांच्या हातची.
ट्यूबा चर्चचा होता, विकता येत नव्हता.
बाबांनी तो पाळकीणबाईंच्या ओसरीवर नेऊन ठेवला,
"फुंकायला श्वास उरला नाही," म्हणाले,
आणि रविवारी कुदळ घेऊन उतारावर जाऊ लागले.

मी जायचे, आईच्या सोबतीला.
गाण्याच्या वेळी ओठ हलवायचे,
आत बेरजा चालायच्या.
एकदा वचन निघालं पक्षाघात झालेल्या माणसाचं:
चौघांनी त्याला खाटेसकट उचललं,
छप्पर उकललं, खाली सोडलं.
मला आमचे पत्रे आठवले. हसू आलं, कडवट.
नाएत्वेबाई वाचता वाचता थांबल्या.
"त्यांचा विश्वास पाहून, असं लिहिलंय.
त्याचा नाही. त्यांचा."
खाटेवरचा काय मानत होता
कुणी विचारलंच नाही.

उपासनेनंतर बाहेर लिलाव असतो.
ज्याच्याकडे पैसा नाही तो केळी आणतो, कोंबडी आणतो,
ती सिल्व्हर ओकखाली विकतात.
आईने त्या दिवशी रुमालातून एक अंडं आणलं होतं.
बाई म्हणाल्या, आजचं सगळं खाटेसाठी.
पाचशे शिलिंग, कुणी बोललं. सातशे.
मागून आवाज आला: पन्नास हजार.

माना वळल्या.
नदेकिर्वाकाका. बाबांचे चुलतभाऊ.
अकरा वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं
(बांध बाबांनीच सरकवला होता, रात्रीतून,
हे घरात सगळ्यांना माहीत, कुणी म्हणत नव्हतं).
काकांनी पैसे मोजले, अंडं परत टेबलावर ठेवलं.
"पुन्हा विका."
ते अंडं नऊ वेळा विकलं गेलं.
शेवटी ते आईच्याच रुमालात आलं.
ती ते उकडायला तयार होईना.

संध्याकाळी काका दारात.
हातात इसालेचं पान, गाठ मारलेलं.
आम्ही इसाले बांधावर लावतो,
आणि समेट मागायचा तर त्याचंच पान न्यायचं;
समोरच्याला नाही म्हणता येत नाही.
पण ते न्यायचं असतं अपराध्याने.

बाबा कितीतरी वेळ उभेच.
मग कुदळ खाली पडली, आपोआप.

रविवारची शाळा, बाप्तिस्मा, पाठ केलेली उत्तरं,
सगळं झालं होतं माझं.
क्रूस मात्र मी त्या दारात पाहिला:
चूक आमची,
पान घेऊन आला तो.

ऐका बरा झालेला नाही.
डाव्या दंडावर सुयांची रांग आहे,
पाण्याचा पेला मोजून मिळतो.
काकांचं मूत्रपिंड जुळलं नाही, माझं तपासताहेत.
काही रात्री मी अजूनही बेरजाच करते.
पण ट्यूबा घरी आलाय, बाबा परसात फुंकतात,
बेसूर, कोंबड्या पळतात.

यंत्राशेजारचा तंत्रज्ञ फार लांबच्या देशातला.
आईची हाक ऐकून तो हसला:
त्याच्या भाषेत 'ऐका' म्हणजे कान द्या.
तेव्हापासून माझी प्रार्थना आखडली आहे.
सुई शिरताना त्याचा दुसरा हात धरते
आणि तो एकच शब्द म्हणते,
दोन्ही अर्थांनी.