सहभागी क्रमांक १४३

पट्टा कमरेला, उजव्या हाडाच्या जरा वर.
सात दिवस. आंघोळीला काढायचा, झोपेत ठेवायचा.
काडेपेटीएवढं यंत्र. दुखत नाही, फोटो काढत नाही,
फक्त हालचाल मोजतं.
हे मी घणसोलीत एकशे बेचाळीस घरांत म्हणून झालं होतं.
हिराजी म्हात्रे म्हणाले,
"मना कला बांदतंस बाय? मी त कुठं जात पन नाय."

खरंच होतं.
चार मजले, सोळा खोल्या, खाली दोन गाळे,
एकात मोबाइल दुरुस्ती, एकात पोळीभाजी,
आणि दोन शटरांच्या मध्ये त्यांची निळी खुर्ची,
एका पायाखाली घडी घातलेलं जुनं कॅलेंडर.
भाडं पाच तारखेला चालत येतं.
त्यांना उठावं लागत नाही.

वय एकसष्ट. शिक्षण चौथी. पोटाचा घेर एकशे चार.
बोट टोचलं, थेंब आला:
उपाशीपोटी साखर एकशे अठ्ठ्याहत्तर.
सामान्य दिवशी बसून किती तास?
त्यांनी खुर्चीलाच विचारल्यासारखं खाली पाहिलं.
व्यवसाय, सध्याचा: घरभाडं.
व्यवसाय, आधीचा, किमान पाच वर्षं:
"मिठागर."
यादीत नव्हतं. मी 'इतर'वर खूण केली.

सल्ला छापील असतो, वाचून दाखवायचा.
मीठ कमी करा.
आतून त्यांची बायको हसली, हसतच राहिली.
"यांच्या बापानं गोनी वायल्या, यांनी वायल्या,
न ही सांगतं मीठ कमी करा!"
मी कागद उलटा केला.
मागे चालणाऱ्या माणसाचं चित्र:
घाम नाही, हातात पिशवी नाही,
कुठं निघालाय त्याचा पत्ता नाही.

आठव्या दिवशी पट्टा परत आला.
वाशीच्या ऑफिसात तो वायरीला लावला
आणि पडद्यावर त्यांचा आठवडा उतरला,
ओहोटीच्या चिखलासारखा सपाट.
बसून दहा तास बावन्न मिनिटं.
अकरा तास चार.
अकरा तास एकवीस.
आणि पाचव्या रात्री, पावणेबाराला,
एकदम सुळके.
तीन हजार पावलं, मग बराच वेळ नुसतं उभं राहणं,
मग तेवढीच पावलं उलटी.

सर म्हणाले, नातवानं बांधला असेल,
नाहीतर यंत्र बिघडलं. ती रात्र गाळून टाक.
न पटणारा दिवस गाळता येतो, तशी सोय आहे.

मी फोन लावला.
आधी टीव्हीचाच आवाज.
मग, "अवस होती. उधान.
उघारी बगाला गेलतू."

उघाडी म्हणजे बांधातलं दार,
खाडीला किती आत घ्यायचं ते ठरवणारं.
हे मला त्यांनीच सांगितलं, लहान पोरीला सांगावं तसं.
मोठ्या उधाणाला घरातलं एक माणूस उठायचंच,
नाहीतर बांध फुटायचा
आणि महिन्याचं मीठ एका रात्रीत पाणी.

"अजून आहे ती उघाडी?"
"नाय. रस्ता हाय तिथं."
"मग बघता काय?"
पलीकडे खुर्ची करकरली. उत्तर आलं नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, काका, रोज जात जा ना,
अर्धा तास, साखरेला बरं.
"रोज उधान येतं का बाय?
मंदी भांग असतं.
भांगाला पानीच निजतं, मी कला उठू?"

चालण्याचा उद्देश: चार चौकोन.
व्यायाम. ये-जा. विरंगुळा. काम.
सर जेवायला गेले होते.
मी 'काम'वर खूण केली. रात्र गाळली नाही.

उठायला गेले तर डाव्या पायाला मुंग्या.
सकाळी साडेनऊला बसले होते.
टेबलाचा काठ धरून उभी राहिले,
पाय माझा होईपर्यंत.