प्रश्न क्रमांक नऊ

ढवळे सरांनी दिलेली प्रश्नावली, बारा प्रश्नांची,
लॉ कॉलेज चौकात झेरॉक्स काढलेली.
देश. भाषा. मुख्य अन्न. हवामान. सण.
प्रत्येकापुढे दोन रेघा रिकाम्या.
दोन रेघांत एक देश मावतो
असं सरांना वाटलं असेल,
किंवा पान वाचवायचं असेल.

मे महिना. पंचेचाळीस.
रवीनगरच्या होस्टेलात भेटायला येणाऱ्यांची खोली,
खिडकीत पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्या नव्या.
मोबाइल मी टेबलाच्या मधोमध ठेवला
आणि कूलरने तेव्हाच ठरवलं असावं
की ही मुलाखत आपली आहे.

आता रात्री, इतवारीतल्या गच्चीवर,
कानात इअरफोन खुपसून
मी एकेक वाक्य उतरवून घेते.

पहिली दिएऊ आन, भिक्खुणी, व्हिएतनामची.
मुख्य अन्न?
भात, म्हणाली. मग बराच वेळ नुसता कूलर. मग,
"त्या दादाला आता सांगावं लागत नाही,
माझे पोहे तो कांदा टाकायच्या आधी
बाजूला काढून ठेवतो."
मी 'भात' लिहिलं.
दादाला कुठल्या रकान्यात घालायचं, सुचलं नाही.

मग मुझम्मिल, सुदान, वाद मदनीचा.
घरचा पत्ता विचारला तेव्हा
तो पेनचं टोपण काढत राहिला, लावत राहिला.
ऐकू येतं ते. टिक. टिक.
म्हणाला, रस्ता सांगतो, घर लिहू नको.
नदीच्या काठाने सरळ, मग शाळा,
मग दोन्ही बाजूंनी नीम.
नीम? मी विचारलं. आमचा?
तो म्हणाला, आमच्याकडेही नीमच म्हणतात,
आणि मग त्यानेच हात लांबवून रेकॉर्डिंग थांबवलं.

तिसरी तुमाइनी म्वाकालिंगा, टांझानिया, बी. फार्म.
हवामानापुढे मी आधीच लिहून नेलं होतं: उष्ण.
तिने ते उलटं वाचलं, टेबलापलीकडून.
तिचं गाव डोंगरात. चहाचे मळे, रिपरिप,
आत्ता या महिन्यात तिथे स्वेटर लागतो.
"इथलं ऊन फोनवर सांगितलं तर
आई विचारते, ते लोक राहतात तरी कसे?"
ते लोक म्हणजे मी.
मी 'उष्ण' खोडलं. खोडून झाल्यावर जागा उरली नाही.

प्रश्न क्रमांक नऊ:
घरची सर्वांत जास्त आठवण कशाने येते?

इथे टाकीतलं पाणी संपत आलेलं,
पंप खरडतोय,
आणि त्या खरडीच्या आत कुठेतरी तिचे तीन शब्द.
अकरा वेळा मागे नेऊन ऐकले.
काऊवी. चारूनरा. पुढचं गेलं.
मोबाइलवर स्वाहिलीचा शब्दकोश उघडला. नाही.
फळ असेल. टेकडी असेल.
लहानपणी खेळताना म्हणायचं काही असेल.
वहीत लिहिलं: स्थानिक शब्द, अर्थ शोधणे.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये गाठलं तिला,
एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या.
ऐकता ऐकता तिला ठसका लागला, वरण नाकात गेलं.
"काऊन विचारून राहिली?
एवढंच म्हटलं ग मी!"

शेवंताबाईंचं वाक्य.
आज भाजी काय, असं कुणी विचारलं
की पोळ्या लाटता लाटता त्या हेच म्हणतात.
माझी आत्याही हेच म्हणते.
मीसुद्धा म्हणायचे, बारावीपर्यंत,
मग कॉलेजात घासून घासून
'का विचारतेस' केलं,
इतकं स्वच्छ
की ते आफ्रिकेतून आल्यासारखं ऐकू आलं.

तुमाइनी थांबली होती.
प्रश्न तिचा होता आणि कालपासून तसाच होता.
मी खरं तेच सांगितलं:
प्रोजेक्ट आहे. वीस मार्कांचा.

"वीसच?" ती ताट उचलत म्हणाली,
"मग केळी लिही."

मी केळी लिहिलं.
एक रेघ उरली.